आधी मायचा होकार

पळताना बोलायचं, हा नायकांचा नियम होता. फौजेच्या भरतीचे बाकीचे उस्ताद पोरांना तोंड मिटून, नाकानं श्वास घेत पळायला लावतात. हे सायकलवरून शेजारी यायचे आणि विचारायचे, "काल राती काय खाल्लं?" तर पळता पळता पुरं वाक्य सांगायचं. नुसतं 'भाकर' म्हटलेलं चालायचं नाही. "काल राती मी भाकर आन् पिठलं खाल्लं, नायक," असं. मध्ये दम लागून वाक्य तुटलं की पुन्हा पहिल्यापासून.

"बोलता येतंय म्हंजी अजून हाय तुझ्यात. गप बसला तो मेला," असं त्यांचं म्हणणं.

आम्ही हसायचो. मुद्दाम सांगायचो, "काल राती मी कोंबडीचा रस्सा खाल्ला, नायक!" तेही हसू दाबत म्हणायचे, "चांगलंय. मंग वास कावून न्हाई येत?" पण कुणी सलग दोन दिवस 'चहा-बटर' म्हणाला, तर त्याला पळणं संपल्यावर थांबवून घ्यायचे. "दूध संस्थेवर चल, कॅन धुवायचेत." कॅन धुऊन झाले की त्याला घरी नेऊन जेवू घालायचे. दुष्काळात दुधाचे कॅन किती असायचे? एक, फार तर दीड. ते धुवायला माणूस कशाला लागतो, हे आमच्या डोक्यात तेव्हा कधी आलं नाही.

ते गावच्या दूध संस्थेवर चौकीदार होते. फौजेतून नायक म्हणून बाहेर पडलेले. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणायची पद्धत आहे, मग तो तिथं स्वयंपाकी का असेना. त्यांना कुणी मेजर म्हटलं की ते जागच्या जागी थांबायचे.

"मेजर कोन बे? मी नायक. दोन फिती. हितं, बाहीवर."

संस्थेच्या चेअरमनसमोरही हेच. चेअरमन मात्र मरेपर्यंत त्यांना मेजरच म्हणत राहिले आणि ते मरेपर्यंत दुरुस्त करत राहिले.

नेकनूरहून मांजरसुंब्याकडे येताना आतल्या बाजूला एक पाझर तलाव आहे. रोजगार हमीवर आमच्याच आज्या-चुलत्यांनी खणलेला. त्या वर्षांत त्यात पाणी म्हणून दिसत नव्हतं. त्याच्या कोरड्या पोटात नायकांनी चुन्यानं गोल आखला होता आणि तेच आमचं मैदान. पहाटे काठावर उभं राहून ते दुधाच्या कॅनचं झाकण दगडानं वाजवायचे. तो आवाज तीन वाड्यांपर्यंत जायचा. अख्ख्या पंचक्रोशीत पाऊस पडू नये अशी इच्छा असलेला एकच माणूस आहे, अशी त्यांची चेष्टा व्हायची. ते म्हणायचे, "पडू दे की. पोरं पवायला शिकतील."

लढाईची गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही. आम्ही विचारून विचारून थकलो.

"नायक, गोळी चालवली का तुमी?"

"चालवली."

"कोनाला लागली?"

"डोंगराला."

संस्थेची निवडणूक लागली तेव्हाची गोष्ट अजून लोक सांगतात. चेअरमन येऊन म्हणाले, "मेजर, मतदानाच्या दिवशी पोरं जरा हापिसापुढं उभी करा."

"कशाला?"

"कशाला म्हंजी? नुसती उभी. अंगापिंडानं चांगली दिसत्यात."

"नायक," ते म्हणाले. "मेजर न्हाई. आन् पोरं चांगली दिसत्यात ती पळत्यात म्हनून. उभी केल्यावर न्हाई दिसनार."

मतदानाच्या दिवशी पहाटे त्यांनी आम्हाला रांगेत लावलं आणि मांजरसुंब्याच्या चौकापर्यंत पळवत नेलं. तिथं ढाब्यावर स्वतःच्या खर्चानं मिसळ खाऊ घातली आणि मतदान संपेपर्यंत तिथंच झाडाखाली बसवून ठेवलं. चेअरमनांचं पॅनल निवडून यायचं होतं ते आलंच. त्यानंतर नायकांची बदली संस्थेच्या चारा छावणीवर झाली, रात्रपाळीला. छावणीत त्यांनी गुरंही एका रांगेत बांधायला लावली, असं लोक सांगतात. ते खरं असावं.

पण नायकांची खरी तऱ्हा वेगळी होती, आणि मला जे लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच आहे.

कुणी पोरगा पहिल्यांदा मैदानावर आला, की ते त्याची छाती बघायचे नाहीत, उंची बघायचे नाहीत. म्हणायचे, "आधी माय घेऊन ये."

पोराच्या आईनं स्वतः त्यांच्या घरी यायचं आणि तोंडानं होय म्हणायचं. बाप आलेला चालायचा नाही. "बापाचा होकार गावासाठी असतोय," म्हणायचे. त्यांचं घर भीमनगरात, वस्तीच्या पार शेवटी. काही घरच्या बायकांना तिथवर जाणं जड जायचं. निरोप पाठवायच्या की तुम्हीच या. नायक जायचे नाहीत. "माझ्या उंबऱ्यापत्तोर यायला जिला जड जातंय, ती माझ्यावर पोरगं काय सोपवनार?" यावरून लोक त्यांना शिष्ट म्हणायचे. माघारी आणखीही काही म्हणायचे. पण त्यांची पोरं भरती होत होती, त्यामुळे हळूहळू सगळ्या आया जाऊ लागल्या.

असं का, हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. युनिटमधला एक पोरगा गेला होता आणि त्याला घरी पोचवायला नायकांना पाठवलं होतं. दूरचं कुठलं तरी गाव. पोराची आई रडली नाही. तिनं नायकांना विचारलं, याला नेताना कुणाला विचारलं होतं?

"फौजेत सगळ्याचा कागद असतोय," नायक म्हणाले. "त्याचा न्हवता." मग झाकण उचलून वाजवलं आणि आम्हाला पळायला लावलं.

मी बारावी पास झालो त्या साली पेरणी वाया गेली. आई-बाप दर वर्षीसारखे ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले. मी काकीजवळ राहिलो. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, काकीला मूल नव्हतं. आई आणि ती एकाच चुलीवर, सख्ख्या बहिणींसारख्या. पुढच्या हंगामाला मीही कोयता घेऊन जायचं असं घरात ठरलं होतं.

लोक मला विचारतात, फौजेत का गेलात? मी वर्षानुवर्षं देशाचं नाव सांगत आलो. शाळेतल्या सव्वीस जानेवारीच्या भाषणातही तेच सांगितलं. खरं सांगायचं तर मला कोयता नको होता. बापाची पाठ मी बघितली होती. ती पाठ मला नको होती, एवढंच.

आई होय म्हणणार नाही हे मला माहीत होतं. माझा थोरला भाऊ पुण्याला कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. ना निरोप, ना येणं. फडावर जाताना आई मला म्हणाली होती, "एक गेला तो गेला. तू डोळ्यापुढं ऱ्हा." तेव्हा मी मान हलवली होती.

नायकांनी माझ्या आईला कधी बघितलेलं नव्हतं. आमची वाडी तिथून लांब.

मी काकीला म्हटलं, "काकी, येक काम करशील का?"

तिला आधी ते गमतीचंच वाटलं. "मी तुपली माय व्हयू? आरं, माझं केस बघ, तुपल्या मायपेक्षा मी म्हातारी दिसती." मग म्हणाली, "ती आल्यावर मला कच्ची खाईल." पण लुगडं बदलून ती माझ्या सायकलवर मागं बसली. जाताना सारखी म्हणत होती, "पोराचं भलं व्हतंय तर व्हवू दे. हितं काय ठिवलंय."

नायकांनी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी खाली उभा. नेकनूरच्या फळवाल्याचा पोरगा जब्बार माझ्याबरोबर पळायला येणार होता, तोही आपल्या अम्मीला घेऊन आला होता.

"बाई, पोरगं फौजेत जायचं म्हनतंय. तुमचं काय म्हननं?"

"जाऊ द्या की."

"परत न्हाई आलं तर?"

हा प्रश्न ते प्रत्येक आईला विचारायचे.  जब्बारची अम्मी पदराच्या टोकाला गाठ मारत बसली, सोडत बसली, आणि शेवटी नुसती मान हलवली होती.

काकी लगेच म्हणाली, "येईल की. न यायला काय झालं?"

नायकांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं. पण ते म्हणाले, "उद्या पहाटं ये. अनवानी."

तेव्हा सगळं लवकर उरकायचं. बीडला भरती लागली, मी पळण्यात पास झालो. जब्बार छातीत कमी पडला. त्याला नायक म्हणाले, "फुगा हाय का छाती म्हंजी? येईल पुढच्या टायमाला." लेखी झाली, मेडिकल झालं, आणि आई-बाप फडावर असतानाच माझ्या हातात रुजू व्हायला जायचा रेल्वेचा वॉरंट आला. मला परळीच्या स्टेशनावर सोडायला नायक एसटीनं आले होते. गाडी येईपर्यंत शेंगा सोलत बसले. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "पहिल्या दिशी रडू येईल. रडून घे. दुसऱ्या दिशी येळ देत न्हाईत." मग, "माय न्हाई आली ती सोडायला?"

"तिची तब्येत बरी न्हाई," मी म्हणालो.

 त्यांनी उरलेल्या शेंगा माझ्या खिशात कोंबल्या.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जब्बारनं मला सांगितलं, तेही लगेच नाही.

कारखान्यांचा पट्टा पडला, हंगाम संपला, आई-बाप परत आले. मी घरात नाही. काकीची बोबडी वळली. ती म्हणाली, "त्यानं नेला. त्या फौजीनं. मला काय इचारलं न्हाई कोनी." तिला तेव्हा तेवढंच सुचलं. मी तिला दोष देत नाही. तिला या फंदात मीच पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई चालत तलावावर गेली. पोरं पळत होती. नायक काठावर उभे होते. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कोनाला इचारून नेलंस रे मपलं पोरगं?"

जब्बार म्हणतो, नायकांचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. त्यांनी विचारलं, "तुमी कोन?"

"मी त्याची माय! कोन म्हंजी?"

नायक तिच्याकडे बघत राहिले. ज्या बाईला त्यांनी ओट्यावर बसवलं होतं ती ही नव्हे, हे त्यांना तिथंच कळलं असणार. जब्बारलाही कळलं. तो थांबला, पुढं आला आणि म्हणाला, "नायक, पर त्या दिशी तर..."

"जब्बार, पळ," नायक म्हणाले. "दोन चक्कर. बोलू नको."

पळताना बोलू नको, असं त्यांनी कुणाला सांगितलेलं ते पहिलंच.

मग ते आईला म्हणाले, "चूक झाली बाई. इचारायचं ऱ्हायलं."

आई त्यांना नाही नाही ते बोलली. सगळ्या पोरांसमोर. त्यात त्यांच्या जातीवरून एक शब्द होता. तो मी इथं लिहिणार नाही. जब्बारनंही मला तो सांगितला नाही, 'तसलं बोलली' एवढंच म्हणाला आणि दुसरीकडे बघितलं. नायक ऐकून घेत उभे राहिले. ती थकून गेली तेव्हा त्यांनी एका पोराला तिला वाडीपर्यंत सोडायला पाठवलं.

ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. आयांना विचारल्याशिवाय पोराला हात न लावणारा माणूस म्हणून ज्यांचं नाव होतं, त्यांनी न विचारता एक पोरगं नेलं. मग बाकीचं तरी खरं कशावरून? आया आल्या आणि आपापली पोरं घेऊन गेल्या. काहींनी तर आपण कधी होय म्हटलंच नव्हतं, असं सांगायला सुरुवात केली. पावसाळ्यापर्यंत तलावात जब्बार आणि आणखी एक-दोघं उरले. मग पाऊस आला, गोल बुडाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात नायकांनी तो पुन्हा आखलाच नाही.

मी पहिल्या सुट्टीवर आलो तेव्हा वाडीत पेढे वाटले. आईनं मला कवटाळलं, दंड चाचपून बघितले, सगळ्यांना दाखवत फिरली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "त्या भामट्यानं नेलं, पन मपल्या देवानं सांभाळलं." काकी चुलीपाशी बसून खाली मान घालून भाकरी थापत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली.

संध्याकाळी संस्थेवर गेलो. छावणी उठली होती आणि नायक पुन्हा तिथं कॅन धुत होते, एकटेच. मी सॅल्यूट केला. त्यांनी ओला हात पँटला पुसून परत सॅल्यूट केला.

"कसं हाय?"

"बरं हाय, नायक."

"रडलास का?"

"पहिल्या दिशी."

"चलतंय." मग कॅन पालथा घालत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "काकी बरी हाय का?"

मी म्हटलं, "नायक, मी आज जाऊन मायला समदं सांगतो."

"सांग की. मंग?"

"मंग तिला कळंल, तुमची चूक न्हवती."

"आन् तुपल्या काकीचं काय? कुठं जाईल ती? येका चुलीच्या दोन व्हतील, तेवढंच व्हईल. गप ऱ्हा."

मी गप्प राहिलो. नायकांचा हुकूम होता, असं मी स्वतःला पुढची सगळी नोकरी सांगत आलो. सियाचीनच्या खाली तंबूत सांगितलं, पठाणकोटला सांगितलं. तो हुकूम नव्हता. एक माणूस दुसऱ्याच्या घराची काळजी करत होता, आणि ती काळजी मला सोयीची होती. काकीला न दुखावता आईला सांगायचे दहा रस्ते निघाले असते. निदान जातीवरून बोललीस ते चुकलं, एवढं तरी मी आईला सांगू शकलो असतो. त्यासाठी काकीचं नाव घ्यायची गरज नव्हती. तेही सांगितलं नाही.

दर सुट्टीत मी नायकांना भेटायला जायचो, नंतर एक सुट्टी सोडून, नंतर कधी तरी. ते गेले तेव्हा मी जम्मूला होतो. जब्बारचा फोन आला. मी म्हणालो, सुट्टी मिळत नाही. मागितली नव्हती.

मी निवृत्त होऊन आलो. मलाही लोक मेजर म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

काकी मागच्या उन्हाळ्यात गेली. शेवटच्या आजारात आईनंच तिचं सगळं केलं, न्हाऊ-माखू घातलं, रात्र रात्र उशाशी बसली. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि आई अंगणात लिंबाखाली एकटी बसली होती. मी जाऊन शेजारी बसलो आणि सांगितलं. पहिल्यापासून. काकीला मीच नेलं होतं, ती आधी कचरत होती, आणि नायकांनी विचारलं होतं, नीट विचारलं होतं.

 मला वाटलं, आई ओरडेल. वाटलं, मारेल. मी पन्नाशीकडे आलोय, तरी वाटलं.

ती म्हणाली, "मी त्याला लई बोलले रे."

"व्हय."

"घरी कोन हाय त्याच्या?"

"बायको हाय."

ती उठली, चप्पल शोधू लागली. "चल."

मी तिला मोटरसायकलवर भीमनगरात नेलं. नायकांच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. त्या दारातच तांदूळ निवडत होत्या. मला ओळखलं. आईकडे बघितलं आणि तिलाही ओळखलं असावं, कारण सूप बाजूला ठेवून त्या उभ्या राहिल्या. आत नेलं, बसवलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नायकांचा वर्दीतला फोटो. बाहीवर दोन फिती.

आईला सुरुवात सापडेना. मीच म्हणालो, "मावशी, त्या वख्ताला नायकांची काई चूक न्हवती. मी खोटी..."

"ठावं हाय मला," मावशी म्हणाल्या. माझ्याशी नाही, आईशी. "तुमी तळ्यावर आलत्या त्या दिशी ते जेवले न्हाईत. म्या इचारलं, त्या बाईच्या बोलन्याचं यवढं लागलं का? तर म्हनले, न्हाई. म्हनले, इतक्या बाया ह्या ओट्यावर येऊन व्हय म्हनून गेल्या. घरात दाना न्हवता म्हनून म्हनल्या. मी त्यांला व्हय म्हनाया लावलं आन् मलाच बरं वाटून घेतलं. मनातलं बोलली ती ही येकटीच." त्या थांबल्या. "मंग पुन्यांदा चुना घेऊन गेले न्हाईत तिकडं. लोकांला वाटलं, पोरं न्हाईत म्हनून बंद केलं."

माझ्या खोट्यानं त्यांची पोरं तोडली एवढंच मला ठाऊक होतं. त्यांचा स्वतःवरचा विश्वासही त्याच दिवशी गेला, हे मला आत्ता कळत होतं.

आई म्हणाली, "मनातलं कसलं, बाई? मी वंगाळ बोलले. पोराचं बोलायचं सोडून तुमच्या जातीला बोलले."

"त्ये बी सांगितलं व्हतं त्यांनी," मावशी म्हणाल्या.

 मी काही तरी बोलायला तोंड उघडलं.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू भाईर जा."

मी बाहेर आलो, गाडीपाशी उभा राहिलो. आतून आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग आईचा आवाज आला, मग मावशींचा, मग पुन्हा आईचा. शब्द कळत नव्हते. ऊन चढलं. गल्लीतला एक माणूस जाता जाता म्हणाला, "राम राम मेजर, उन्हात कावून हुबे? आत बसा की."

"न्हाई," मी म्हणालो, "मला आत बोलावलेलं न्हाई."